मधल्या जागेतला सांबार

माहं माहेर खामगाव तालुक्यातलं, पिंपळगाव राजाच्या जवळचं, म्हनून मी अशी मले-तुले करून बोलते, आन् लगन होऊन इकडं दुसरबीडच्या अंगाले आली तं इकडले लोक अजून हासतात, नातवंडं झाली तरी हासतात. हासू द्या. नाव पंचफुला. माह्या बापाले वावर, म्हनजे शेत, नव्हतं, तो बागवानाच्या मळ्यात पानी द्यायले जाये, आन् मी त्याच्या मागं मागं. बागवानाची म्हातारी होती, तिले आम्ही खाला, म्हनजे मावशी, म्हनो, तिनं मले भाजी शिकवली. बी किती खोल टाकाव, मेथीचं पानी कवा तोडाव, जुडी कशी बांधाव. सांबार, म्हनजे तुमची कोथिंबीर, तो घसकन उपटू नको म्हने, बेटी, उसको भी लगता है. सात-आठ वर्षांची असन मी. काय सांगू तुमाले, त्या वयात जे हाताले लागलं ते लागलं.

मंग लगन झालं आन् भाजी सुटली. इकडं पऱ्हाटी, म्हनजे कपाशी, निंदली, सोयाबीन सोंगलं, हरभरा उपटला, सगळं केलं, पन लोकाच्या वावरात. तिथं काय लावाव हे मले कोन इचारन, मी रोजानं, म्हनजे मजुरीनं, जानारी बाई. बाई अठी बस, बाई तठी निंद, चाललं आपलं. एकदा आंगनात चार मुळे लावले होते, तं आमच्या बुढ्याच्या, म्हनजे माह्या नवऱ्याच्या, बकऱ्यांनी पाल्यासगट खाल्ले, आन् बुढा म्हनते, बरं झालं, दूध वाढन. आता काय बोलाव अशा मानसाले! हासू नका बाई, तेव्हा मले रडू आलं होतं. मले एवढंच वाटे का एकदा तरी माह्या मनानं बी टाकाव आन् माह्या मनानं काढाव. एक वाफा का होईना.

उत्तमभाऊचं वावर रोडच्या वरच्या अंगाले. मानूस कमी बोलनारा, पन पिळाचा नाई. त्याच्या वावरात मी लय वर्षं निंदनाले गेली. त्यानं ऊस लावला तो मोठ्या पट्ट्याचा, म्हनजे उसाची एक ओळ, मंग पाच फूट जागा मोकळी, मंग दुसरी ओळ. दिवाळीच्या अदुगर लावला आन् दिवाळी झाली तं त्या मोकळ्या जागेत तन हे एवढं, गुडघ्याएवढं. बाया भेटेना निंदाले. भाऊ धुऱ्यावर, म्हनजे वावराच्या बांधावर, बसून डोक्याले हात लावून म्हनते, पंचफुले, हे तन मले खाते आता. मी म्हनलं, भाऊ, एक बोलू का? निंदन मी करते, रोज नको मले. मधली जागा मले द्या. त्याले समजलंच नाई. मधली जागा घेऊन काय करशीन? म्हनलं, भाजी लावीन. तुमी उसाले पानी देसान ते माही भाजी बी पिऊन घेईन, येगळं काई मागत नाई. तो हासला. म्हने, लाव, पन ऊस बांधनीले आला का तुही जागा संपली. बांधनी म्हनजे काय, ऊस कमरेएवढा झाला का लहान ट्रॅक्टर मधून चालवतात आन् दोनी अंगाची माती उसाच्या बुडाले लावतात, मंग मधात काई राहत नाई. तीन-साडेतीन महिने भेटतात मानसाले. मी म्हनलं, पुष्कळ झाले.

पह्यल्या साली मेथी, पालक आन् सांबार टाकला. बुढा म्हने, कायले जीव लावतं तू लोकाच्या वावरात? मी म्हनलं, तुह्या बकऱ्या तं नाईत ना तिथं. भाजी आली तं अशी आली का भाऊची बायको, वैनी, सोता धुऱ्यावर येऊन पाहून गेली. जुड्या बांधाले सुतळी आनन कोन, मी उसाचंच खालचं पातं तोडे आन् त्यानं बांधे. हात कापे, पन बांध पक्का बसे. दुसरबीडले रोडच्या कडेले बसली तं आठ दिवसांत लोक म्हनाले लागले, ते उसाच्या पात्यानं बांधलेली मेथी द्या. मी बांधलेली जुडी लोक वळखत. तुमाले काय वाटन याचं, पन मी त्या दिवशी घरी येताना एकटीच हासत आली.

बांधनी झाली, जागा गेली, मी पुन्हा रोजानं. भाऊनं दुसऱ्या तुकड्यात ऊस लावला तं म्हनलं, आता फुलकोबी. फुलकोबी म्हनजे इज्जतीचं काम, सांबारासारखं नाई, बी टाकलं आन् झालं असं नाई. रोप केलं, एकेक रोप बोटानं दाबून लावलं. पन गुडघे गेले होते माहे. बसता येईना, तं मी सरकत सरकत निंदे, लहान लेकरू सरकते ना तशी. ते भाऊनं पायलं.

पायलं आन् त्याले माही कीव आली. हेच तं झालं बाई. मी दोन दिवस पोरीकडं गेली होती, तेवढ्यात त्यानं सोता पाठीवर पंप घेतला, या वयात, आन् उसाच्या ओळीनं तनाचं औषध मारलं. ते औषध असं असते का उसाले काई करत नाई, पन रुंद पानाचं जे असन ते मारते. हे काई त्याले ठाऊक नव्हतं असं नाई. त्यानं तोटी खाली धरली, उसाच्या बुडाशीच मारलं, कोबीवर थेंब पडू दिला नाई म्हने. पन वारं होतं ना! वाऱ्याले कोन सांगन का हे तन आहे आन् हे पंचफुलाचं आहे?

मी आली तं पानं पिळून टाकल्यावानी वळली होती. देठ वाकडे झालेले. एक ओळ पायली, दुसरी पायली, मंग पाहनंच सोडून देलं. आन् दुसरी एक गोष्ट ध्यानात आली. तन बी मेलं होतं. निंदन करते म्हनून मले जागा होती. आता औषधानंच तन मरते तं पंचफुला पाह्यजे कोनाले?

एक झाड उपटलं आन् तशीच भाऊच्या घरी गेली. आजपावतर मी त्याच्या ओट्याखाली उभी राहून बोलत होती, कोनी सांगितलं नव्हतं, पन तशीच रीत पडली होती. त्या दिवशी सरळ ओट्यावर जाऊन बसली आन् झाड त्याच्यापुढं ठेवलं. भाऊ चहा पीत होता. झाड उलटं-सुलटं करून पायलं, तोंड उतरलं त्याचं. म्हने, पंचफुले, मी तं तुह्यासाठीच केलं वं, तुहे गुडघे पाहवत नव्हते. मी म्हनलं, मले इचारलं काऊन नाई? तो म्हनते, वावर माहं, म्हनलं इचाराचं काय. तोऱ्यात नाई म्हनला, साधंच म्हनला, त्यानंच जास्ती लागलं. म्हनलं, भाऊ, ऊस तुमचा. मधलं माहं होतं ना? तुमीच म्हनले होते ना लाव म्हनून? त्यानं कप खाली ठेवला. मंग म्हने, तुहा जेवढा रोज झाला असन तेवढा घेऊन जा. अशी भडकली मी! रोज देऊ नका मले, रोजच पाह्यजे असता तं कोनाच्याबी वावरात भेटला असता. वैनीनं चहा आनून पुढं ठेवला, घरातल्याच कपात. चहा तसाच राहू देला आन् उठून आली. आता वाटते पिऊन घ्यावा होता, वैनीचा काय गुन्हा.

आठ-दहा दिवस तिकडं गेलीच नाई. वस्तीतल्या बाया म्हनाल्या, गेली वं तुही जागा. बुढा नुसती माही लाडीगोडी करत राह्यला, बकरीचं दूध काढून चहा करून देये, म्हनजे पाहा किती वाईट दिवस होते ते. शेवटी राहवलं नाई, गेली पाहाले. पाहते तं मेलेली कोबी सगळी उपटून धुऱ्यावर टाकलेली, मधला पट्टा खुरपून भुसभुशीत केलेला. कोनं केलं? भाऊनंच केलं असन. पन माह्यासाठी केलं का सोतासाठी, कोन सांगन? इचाराव तं इचारू वाटेना. त्यानं मले इचारलं नव्हतं, म्हनलं आपनबी नाई इचारत. औषधाचा कस जाऊ देला, दोनदा पानी होऊ देलं, आन् बिनइचारता सांबार टाकला.

उगवला बाई! त्या हिरव्या टिपक्या मी वाकून वाकून पायल्या. पन येळ लय गेला होता. दिवस मोजत होती मी, तिकडं ऊस बी तरारत होता, जसं काई दोघांची शर्यत लागली. भाऊ धुऱ्यावरून जाये, मी निंदत राहो, तो बोलेना, मी बोलेना.

सांबार वीतभर झाला आन् एक दिवस सकाळीच ट्रॅक्टरचा आवाज. ट्रॅक्टरवाला सलीम आला होता बांधनीले. आठ दिवस, नुसते आठ दिवस पाह्यजे होते मले. पन काय बोलाव, कोन्या तोंडानं बोलाव? मी पदर खोचला आन् जेवढा हाताले लागन तेवढा कोवळा सांबार उपटाले लागली, खाला काय म्हने ते बी इसरली, घसाघस उपटला. तेवढ्यात भाऊची गाडी आली. उतरला आन् सलीमले म्हनते, कोनाले इचारून आला बे तू? सलीम म्हने, भाऊ, तुमीच तं बोलावलं. भाऊ म्हने, मी उसाचा मालक. मधलं पंचफुलाबाईचं आहे, तिले इचार.

पंचफुलाबाई म्हने. इतक्या वर्षांत पंचफुले, पंचफुले, आन् त्या दिवशी पंचफुलाबाई. सलीम बिचारा माह्याकडं पाहून म्हनते, बाई, कब आऊं? माह्या हातात उपटलेला सांबार, डोळ्यात पानी. सांबार खाली ठेवून बोटांनी दाखवलं, आठ. त्यानं ट्रॅक्टर मागं मागं घेतला आन् निघून गेला. भाऊचा ऊस आठ दिवस माह्या सांबारासाठी थांबला बाई. भाऊ म्हने, आता तरी बोलशीन का? मी म्हनलं, वैनीले सांगा चहा ठेवाले.

आता कसं आहे, सातबाऱ्यावर माहं नाव नाई, येनारबी नाई. याच उसाचा खोडवा, म्हनजे तोडलेल्या बुडालेच पुन्हा फुटलेला ऊस, राह्यला तं पुढच्या साली जागा भेटन का नाई, तेबी ठाऊक नाई. गुडघे तसेच. पन यंदा पुन्हा मेथी आहे, फुलकोबी आहे, आन् वस्तीतल्या दोघीनं दुसऱ्याच्या उसात जागा घेतली, मलेच इचाराले येतात बी किती खोल टाकाव. भाऊ पंपाले हात लावाच्या अदुगर घरापुढं येऊन हाक मारते. देवानं, म्हनजे ज्याले तुमी मानत असान त्यानं, तुमचं भलं कराव, एवढं आयकून घेतलं माहं. घ्या, ही जुडी घेऊन जा. पातं सोडताना जपून, कापते ते.

थांबा, फोन वाजून राह्यला. हाव, बोल सलीम. उद्या? नाई बाप्पा, उद्या नको, मेथी राह्यली अजून. शुक्रवारी ये. हाव हाव, भाऊले मी सांगते.