पेट्रोल कुठे जात होते

मी, सौ. उर्वशी पूनमसिंग आडे, वय ३४ वर्षे, व्यवसाय आरोग्य सेविका, राहणार घाटंजी, जिल्हा यवतमाळ. आज सकाळी मी स्वतः ठाण्यात येऊन खालीलप्रमाणे सांगते.

मी पती पूनमसिंग यांच्यासह वरील ठिकाणी राहते. ते बी-बियाण्याच्या दुकानात नोकरीस आहेत. माझे उपकेंद्र तालुक्यातच पण जंगलाकडे असून तिकडे एसटी वेळेवर नसते. म्हणून माझे वडील हरिसिंग चव्हाण, एसटीचे निवृत्त चालक, यांनी त्यांची जुनी पांढरी कार मला वापरण्यास दिली. गाडी कार्बोरेटरची आहे. कागदपत्रे वडिलांच्या नावावर आहेत. पेट्रोल मी माझ्या पगारातून भरते.

दिवाळीनंतर गाडी पेट्रोल जास्त घेऊ लागली. सायलेन्सरमधून काळा धूर येत असे व आत पेट्रोलचा वास येत असे. हे मी पतीला दोन-तीनदा सांगितले. "जुनी गाडी आहे, वास मारनच," असे ते म्हणाले व त्यांनी लक्ष दिले नाही.

पुढे त्यांनी रोज संध्याकाळी गाडीचा मीटर पाहणे सुरू केले. मीटरवर उपकेंद्राला जाऊन येण्याइतकेच किलोमीटर दिसत, पेट्रोल मात्र जवळपास दुप्पट जाई. त्यावरून त्यांनी मला विचारले, "मीटरची केबल काढून कुठं फिरून राह्यली तू? कोन हाय तो?" मीटर फिरवणारी ती केबल कुठे असते हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते.

त्यानंतर त्यांनी माझ्या कपाटातील लाल नेलपॉलिश घेऊन केबलच्या पेचावर लावली. पेच फिरवला तर रंग तुटेल, असे त्यांनी मला बजावले. रोज मी घरी आले की ते बॉनेट उघडून टॉर्चने रंग तपासत. शेजारचे लोक पाहत. रंग एकदाही तुटलेला नव्हता. तरी संशय गेला नाही. केबल काढून झाल्यावर मी रंग पुन्हा लावते, असे ते म्हणू लागले. नेलपॉलिशची बाटली तेव्हा त्यांच्याच खिशात असे.

मागील महिन्यात लसीकरणाच्या दिवशी ते न सांगता उपकेंद्रावर आले. बाळांना घेऊन आलेल्या बाया व्हरांड्यात बसल्या होत्या. त्या सर्वांसमोर त्यांनी आशा कार्यकर्ती गंगी आत्राम हिला विचारले, "तुमच्या मॅडम इथून कुठं कुठं जातेत?" गंगी म्हणाली, "मॅडम इथंच असतेत, भाऊ. तुमालेच आज पह्यल्यांदा पाह्यलं." बाया हसल्या. मी हातातले इंजेक्शन पूर्ण दिले व मग आत जाऊन बसले. घरी आल्यावर पती त्या हसण्याबद्दल मला बोलले.

काल रविवारी मी वडिलांना बोलावून घेतले व पतीला सोबत घेऊन मुख्तारभाई यांच्या गॅरेजवर गाडी नेली. गाडी सर्वांसमोर उघडावी, असे मी सांगितले. प्लग काजळीने काळे निघाले. चोकचे बटण पूर्ण आत ढकललेले असताना आतली हवेची झडप अर्धी बंदच होती, कारण तिची तार गंजून अडकली होती. कार्बोरेटरमधली सुईही झिजलेली होती. मुख्तारभाईंनी सांगितले की गाडीला हवा कमी मिळते आणि पेट्रोल नुसते वाहते.

पती म्हणाले, "याले हिनंच शिकवून ठेवलं."

त्यावर मुख्तारभाई म्हणाले, "दादा, मग गाडी तुम्हीच चालवा. मी स्टिअरिंगला हात लावत नाही." त्यांनी टाकीची नळी काढली व एक लिटर पेट्रोलची बाटली बॉनेटखाली बांधून ती जोडली. पती स्वतः गाडी चालवत होते. मी व वडील मागे बसलो होतो. जिनिंग कारखान्याच्या पुढे चढावर गाडी बंद पडली. मीटरवर नऊ किलोमीटरही झाले नव्हते. दुपारी नवी तार व सुई बसवल्यावर त्याच रस्त्याने तेवढ्याच पेट्रोलमध्ये गाडी साडेसोळा किलोमीटर गेली. तेव्हाही पतीच चालवत होते. वडिलांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला व ते त्यांच्या गावी गेले. मला वाटले, विषय मिटला. मी चहा केला.

आज सकाळी मी ड्युटीवर निघाले असता पती दारात उभे राहिले व म्हणाले, "गाडीत खराबी होती, मानलं. पन तू पह्यल्याच दिवशी चिडली काहून नाई? खऱ्या बाईले राग आला असता." हे ते आमच्या बंजारा समाजाच्या गोरबोलीत बोलले, अर्थ हाच होता.

मी इतके महिने चिडले नाही, कारण चिडले असते तर तोही पुरावा धरला गेला असता. मी त्यांना म्हणाले, "राग आता आला. किल्ली द्या, बाया वाट पाहून राह्यल्या."

त्यांनी माझे उजवे मनगट पिरगाळले, गाडीची किल्ली मागच्या विहिरीत टाकली आणि आजपासून नोकरी बंद, असे सांगितले. मी पर्स घेऊन पायी ठाण्यात आले. मनगट सुजले आहे. वैद्यकीय तपासणीस माझी तयारी आहे. मला माझ्या वडिलांची गाडी ताब्यात हवी आहे व मी नोकरी सोडणार नाही. सध्या मी वडिलांकडे राहणार आहे.

माझी माफी कोणी मागितलेली नाही, हेही लिहावे असे मी सांगितले. जबाब लिहून घेणाऱ्या महिला पोलीस दीपा मॅडम म्हणाल्या, "ताई, इथं फक्त घडलेलं लिहितो, न घडलेलं नाही." मी म्हणाले, हेच घडले आहे. त्यांनी ते लिहिले.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. तो मी सांगितला तसाच व खरा आहे. सही डाव्या हाताने करत आहे, त्यामुळे ती रोजच्यासारखी नाही, पण माझीच आहे.