खिडकीपाशी उभी

हॅलो?… कोण, तेना? मोठ्याने बोल गं, इथे वारा कानात शिरतोय… हो, नेवेन्का आत्याच. पाग बेटावरच आहे अजून. तुझ्या बाबाच्या चाळीस माणसांना रांधून घालतेय… बटाटे नि पालेभाजी, दुसरं काय! मटण रविवारी.

काय?… कुणी सांगितलं तुला?… हो. बांधलंय त्याने. तुमचंच स्वयंपाकघर, तुझ्या आईचं… अगं ऐक ना… नाही, तमाशा नाही मांडलेला. त्याचा सिनेमा आहे, पहिलावहिला. तीस वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांचे सेट उभारले त्याने. राजवाडे, तुरुंग, रेल्वे स्टेशनं. दिग्दर्शन करतो म्हणाला की हसायचे, 'वेदरान, तुला भिंती कळतात, माणसं नाही.' आता एकोणसाठाव्या वर्षी…

हो, हो, माहितीये. शेवटी आईपाशी तू एकटी होतीस. तो झाग्रेबला कुणाचा तरी राजवाडा रंगवत होता. मी कुठे नाही म्हणतेय?

पण काल काय झालं ते तर ऐक. बुरा सुटला. तुला माहितीये आमचा वारा, काचांवर पांढरं मीठ बसलंय. स्वयंपाकघराची एक भिंत उचलली नि थेट खाली मेंढ्यांच्या कुरणात… नाही गं, कुणाला लागलं नाही. मला वाटलं, हा आता रडतो. तर म्हणाला, 'असू दे. तीन भिंती पुरेत.'

मग ती नटी, तुझ्या आईचं काम करणारी… चांगली बाई आहे गं. तिने विचारलं, 'शेवटी शेवटी त्या कुठे बसायच्या? चुलीकडे तोंड करून?' तुझ्या बाबाला कुठली फरशी तडकलेली, कपाटाचा रंग कुठे उडालेला, सगळं पाठ. पण हे नाही. शेवटी चाळीस माणसांदेखत म्हणाला, 'मला माहीत नाही. मी नव्हतो. माझी मुलगी होती.' आणि शूटिंग थांबवलं.

हो, अजून बंदच. निर्माता आरडाओरडा करतोय. हा म्हणतो, मनाचं काही घालणार नाही… तुला फोन? दोनदा हातात घेतला, दोनदा ठेवला. हिंमत नाही त्याची.

हॅलो? तेना?… आहेस ना?

काय?… बसायचीच नाही? एवढ्या दुखण्यात उभी?… खिडकीपाशी… रस्त्याकडे बघत… रोज?

अरे देवा.

नाही गं, रडत नाहीये… बरं, रडतेय.

हे बघ, हे मी नाही सांगायची त्याला… लागेल ना. लागेलच. पण तुझ्याकडून लागू दे.

हो, वारा पडलाय, दुपारपासून बोट सुरू आहे… खरंच? उद्या?… नाही सांगत त्याला. नाही म्हटलं ना!… नको बोलूस त्याच्याशी. तू फक्त त्या बाईला उभं राहून दाखव, आई कशी उभी राहायची ते. तो बघेल…

हो गं पोरी. आता बघेल.

ये. गाडी सावकाश चालव. ठेवते.