बंबावरचा चौथा

…आणि वर मलाच म्हणतात, आजोबा, शांत राहा. अहो, शांतच आहे मी, जन्मभर दुसरं केलंय काय? आमची ही लिफ्टमध्ये अडकलेली, दोन मजल्यांच्या मध्ये, तिला दमा, दम्याचा पंप राहिलेला घरात टेबलावर, तो मी खिशात घालून अग्निशमन केंद्रात हात जोडून उभा, आणि खुर्चीतले साहेब मला शांत राहायला सांगतायत! तक्रार नाही हो माझी. तुम्हाला सांगतो आपलं.

आधी फोन केला होता, नाही असं नाही. फोनवरची बाई गोड आवाजात म्हणाली, माणसं निघालेली आहेत. खोटं कशाला बोलू, खरंच निघाली होती, फक्त आमच्याकडे नाही. दोघं कुणा बड्या असामीच्या बंगल्यावर पोहायचा तलाव भरायला, दोघं पाहुण्यांच्या गाड्यांमागे नुसतेच भोंगा वाजवत, आणि एक जण मधमाश्यांचं पोळं काढायला गेला तो तोंड सुजून दवाखान्यात. हे मला कसं कळलं म्हणता? केंद्र आमच्या गल्लीच्या तोंडालाच, वाट बघून बघून शेवटी मीच चालत गेलो ना! बंबाने माणसाकडे यायचं की माणसाने बंबाकडे जायचं, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही, गुडघे दुखत होते.

तिथे बंब उभा, नवाकोरा, लालभडक, भांग पाडून घ्यावा असा लखलखीत. भिंतीवर हा एवढा फलक. मला अक्षरओळख नाही, तर साहेब स्वतः उठले आणि बोट ठेवून वाचून दाखवायला लागले… आग विझवणे, पुरातून काढणे, पडलेली झाडं उचलणे, विहिरीतलं जनावर काढणे, लिफ्टमधून माणूस काढणे… मी म्हटलं, साहेब, हेच, इथेच थांबा. पण ते कसले थांबतात, फलक पुरा केला त्यांनी. मग मी हळूच विचारलं, एवढ्या सेवा, आणि माणसं? तर म्हणाले,

"सेवा मंजूर झाल्यात, आजोबा. माणसं व्हायचीयत."

तक्रार नाही माझी. तुम्हाला सांगतो आपलं.

आता नियम असा, की चार माणसं बसल्याशिवाय बंब दाराबाहेर काढायचा नाही. आणि होते तिघं. एक साहेब, एक ड्रायव्हर, आणि एक हात प्लास्टरमध्ये असलेला बिचारा, शिडीवरून पडलेला. कुठल्या आगीत? तर केंद्रातलाच दिवा बदलताना! साहेब म्हणाले, चौथा आला की निघू. कधी येईल? ते म्हणाले, भरती निघाली की. तिकडे ही श्वास मोजतेय आणि इकडे भरती निघायचीय! मग मी आपलं घाबरत घाबरत विचारलं, साहेब, मी बसलो तर चालेल का? साहेबांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, ड्रायव्हरकडे पाहिलं, ड्रायव्हर म्हणाला, हेल्मेट घातलं की कोण बघतंय. बसवलं मला. हेल्मेट नाकापर्यंत आलं. भोंगा सुरू. आमचं घर तिथून हाकेच्या अंतरावर, पण रस्ता एकेरी, म्हणून अख्ख्या शहराला प्रदक्षिणा घालून आलो, लोक बाजूला होतायत, मी आत देवाचं नाव घेतोय.

इमारतीखाली उतरलो तर साहेब म्हणाले, मला वायरलेस सोडता येत नाही. ड्रायव्हर म्हणाला, मला स्टीअरिंग. तिसऱ्याने नुसतं प्लास्टर वर करून दाखवलं. मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही वरच राहता ना, आजोबा? मग जाता जाता…"

लिफ्टचं दार उघडायची तिकोनी चावी हातात दिली आणि कशी फिरवायची ते खालूनच हवेत फिरवून दाखवलं!

चढलो. धापा टाकत दाराशी पोचलो, चावीसाठी भोक चाचपतोय, तर आतून आवाज, कोण आहे? मी म्हटलं, बंबवाला. का म्हटलं देव जाणे, डोक्यावर ते होतं म्हणून असेल. धापेत तिला माझा आवाज ओळखू आला नाही. एकेक शब्द श्वासावर तोलत म्हणाली,

"भाऊ, लवकर करा. आमचे हे गेलेत बोलवायला, पण त्यांच्यावर राहू नका. कुणी थांबा म्हटलं की थांबतात ते. रांगेतसुद्धा मागच्याला पुढे सोडतात."

"चांगले दिसतात," मी म्हटलं.

"चांगलेच आहेत हो. तेच तर."

चावी फिरली. लिफ्ट गुडघाभर खाली अडकलेली. आधी पंप दिला. शेजारणीने स्टूल आणलं, दोघांनी धरून हिला वर घेतलं. ओठ निळे पडले होते हो तिचे. पायरीवर बसून तिने पंप ओढला, मग एका बोटाने माझं हेल्मेट वर केलं, आत कोण आहे ते पाहिलं, आणि परत खाली सोडलं.

तेवढ्यात खालून हॉर्न. साहेब ओरडतायत, आजोबा, चला, बंब परत न्यायलाही चार लागतात! मी हिला म्हटलं, तू बस जरा, बंब पोचवून आलोच. आणि गेलो. काय करणार, माणसं खोळंबली होती ना!

लिफ्ट आता दुरुस्त झालीय. पण ही जिन्यानेच चढते, प्रत्येक मजल्यावर बसते, धापा टाकते, पुन्हा उठते. मी पिशवी घेऊन मागे. परवा न राहवून म्हटलं, अगं, कशाला जिवाला त्रास, लिफ्टने चल. अडकलीसच, तर मी आहे ना.

पायरीवर बसली. पंप ओढला. श्वास येऊ दिला. मग म्हणाली,

"म्हणूनच."