विंडो केवढी ठेवायची

नूतन : अहो, हात कशाला लावलात? कुणी सांगितलं तुम्हाला मोठी करायला?

भूपेंद्र : मी... लहान दिसत होती म्हणून. कोपऱ्यातला चौकोन दाबला फक्त.

नूतन : लहान दिसत नव्हती, मी लहान ठेवली होती. फरक आहे त्यात.

भूपेंद्र : बराबर. पण एवढा मोठा मॉनिटर, आणि त्यात विंडो पोस्टकार्डाएवढी. मला बघवेना.

(कोसाडच्या क्वार्टरमधली आतली खोली, रविवारची दुपार. बाहेरच्या खोलीत दोन्हीकडची माणसं पोह्यांच्या बश्या धरून बसलेली, आणि ‘पोरांना जरा बोलू द्या’ म्हणत या दोघांना पडद्यामागे पाठवून दिलेलं. काय बोलायचं ते कुणी सांगितलं नाही. नूतनचा जीव सकाळपासून एकाच गोष्टीत अडकलाय. ती एका साडीवाल्या सेठच्या ऑनलाइन ऑर्डरी घरी बसून सांभाळते, आणि आधी आलेल्या दोन्ही स्थळांनी चहा पिता पिता हेच विचारलं होतं : लग्नानंतर हे कॉम्प्युटरचं बंद ना? तिने दोन्ही वेळा ‘नाही’ म्हटलं आणि दोन्ही वेळा माणसं बशी खाली ठेवून उठली. आता हा तिसरा. पलसाण्याच्या कापड-मिलमध्ये साड्यांच्या डिझाइनवर बसतो म्हणे. विचारायचं ते विचारून मोकळा व्हावा, तर या बाबाने आल्या आल्या तिच्या मांडलेल्या कामाचीच घडी मोडली.)

नूतन : बघा, माझी चॅट गेली ना! नंदुरबारच्या पुष्पाबाई बोलत होत्या. साडी विचारत होत्या.

भूपेंद्र : गेली नाही, मागे आहे. इथे खाली दाबलं की...

नूतन : मला माहितीये कुठे दाबायचं. पण मागे आहे म्हणजे दिसत नाही ना! माझं सगळं ठरलेलं असतं. डावीकडे साड्यांचं पान, उजवीकडे गिऱ्हाईक, आणि खाली एवढी पट्टी मोकळी.

भूपेंद्र : मोकळी पट्टी कशाला?

नूतन : असंच. श्वास घ्यायला.

भूपेंद्र : कॉम्प्युटरला?

नूतन : मला!

भूपेंद्र : हां हां. रागावू नका. मी आपलं विचारलं.

नूतन : तुम्ही काय, सगळंच मोठं करून बघता?

भूपेंद्र : सगळंच. बँकेचं पान असो, क्रिकेटचा स्कोअर असो, पूर्ण स्क्रीन. एका वेळी एक. ते झालं की बंद करायचं, मग दुसरं.

नूतन : स्कोअरसाठी पूर्ण स्क्रीन! दोन आकडे बघायला!

भूपेंद्र : मोठे दिसतात ना पण.

उषाबाई : काय व नूतन, भांडी ऱ्हायनात का तुम्ही? आवाज बाहेर यी ऱ्हायना. पाव्हना, तुम्ही बठा हो. चहा लई येस मी.

भूपेंद्र : नाही नाही काकू, भांडण नाही. विंडोवरून चाललंय.

उषाबाई : विंडो? पंखा लावू का मंग?

नूतन : आई, तू जा ना बाहेर.

उषाबाई : जास, जास. पन हळू बोल माय. हाऊ तिसरा शे.

नूतन : आई!

भूपेंद्र : ...तिसरा म्हणजे मी?

नूतन : तुम्हीच. सोडा ते. आमच्या आईचं तोंड मोकळंच असतं.

भूपेंद्र : मी पाचव्या घरी आलोय. एका ठिकाणी तर मुलगी शेवटपर्यंत मोबाइलच बघत होती. मी पोहे संपवले आणि आलो.

नूतन : मग तुम्ही काही बोलला नसाल. तोंडात मूग धरून बसला असाल.

भूपेंद्र : मला सुचतच नाही. इथे तुमची स्क्रीन दिसली, जरा जीवात जीव आला. वाटलं, चला, ओळखीचं काहीतरी आहे.

नूतन : म्हणून लगेच हात घातला?

भूपेंद्र : हात आपोआप गेला हो. खरं सांगू? मिलमध्ये माझ्या टेबलामागे कायम माणसं उभी. कलर मास्तर, शिफ्टवाला, सेठचा मुलगा. प्रत्येकाचं बोट माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे. हे हिरवं कर, ते फूल वर घे, चालसे, नाही चालसे. डिझाइन पूर्ण स्क्रीनवर घेतलं ना, की मग मला कुणी ऐकू येत नाही. तेवढाच आराम.

नूतन : आणि माझं नेमकं उलटं आहे. एकच मोठी विंडो समोर असली की मला धडकी भरते. बाकीचं काय झालं असेल? कुणी विचारून गेलं असेल का? इकडे कुकरची तिसरी शिट्टी, तिकडे पाण्याचा नळ, मध्येच भावाची पोर येऊन चित्र दाखवते. मला सगळ्यांकडे एक एक डोळा ठेवून काम करायची सवय. मोठ्या विंडोत मला कोंडल्यासारखं होतं.

भूपेंद्र : कोंडल्यासारखं? मोठ्या विंडोत?

नूतन : हसा, हसा.

भूपेंद्र : हसत नाही. मला हे कधी सुचलंच नसतं. थांबा, ती परत होती तशी करून देतो... अरे.

नूतन : आता काय?

भूपेंद्र : ही साडी. तुमच्या पानावरची. हिच्या काठाचं फूल बघा. जवळून बघा.

नूतन : बघितलंय. रोज बघते.

भूपेंद्र : पोस्टकार्डात बघितलंय. आता बघा. फुलाची रेघ इथे आणि रंग तिथे. छपाई सरकलीय. पूर्ण काठभर सरकलीय.

नूतन : अगं बाई! खरंच की हो. हे फूल सगळं बाहेर ओघळलंय.

भूपेंद्र : ही साडी परत येत असेल बघा तुमच्याकडे.

नूतन : सारखी परत येते! सेठ मलाच बोलतो. तू फोटोखाली नीट लिहीत नाहीस, म्हणतो. मी रंग बदलून लिहिला, कापड बदलून लिहिलं, काय काय केलं. मागच्या आठवड्यात तर रडू आलं मला. आणि दोष छपाईत! आता दाखवते त्याला. चांगलं बोट ठेवून दाखवते.

भूपेंद्र : दाखवा. फोटो मोठा करूनच पाठवा.

नूतन : पाठवते. तुमचे उपकार झाले बाबा. पण एक सांगून ठेवते, तपासायला मोठी करीन. काम मी लहान विंडोतच करणार.

भूपेंद्र : करा की. मी कुठे नको म्हटलं?

नूतन : ...नाही म्हटलंत.

भूपेंद्र : नाहीच म्हटलं.

नूतन : मग आता विचारून टाका ना एकदाचं.

भूपेंद्र : काय?

नूतन : जे सगळे विचारतात ते. लग्नानंतर हे बंद ना? विचारा, मी उत्तर देते, आणि तुम्ही मोकळे, मी मोकळी.

भूपेंद्र : बंद कशाला? चालतं काम कुणी बंद करतं का?

नूतन : तुमच्या घरी चालेल?

भूपेंद्र : चालेल म्हणजे... मी दुसऱ्याच काळजीत आहे. आमच्याकडे दोन खोल्या, टेबल एक, कॉम्प्युटर एक. मिलमधून आलो की मी घरीपण डिझाइनं करतो. तुम्ही दिवसा बसा, मी संध्याकाळी.

नूतन : माझी गिऱ्हाईकं संध्याकाळीच येतात. बायका हातातली कामं आटपून मग साड्या बघतात. दुपारी कोण येतंय?

भूपेंद्र : मग अर्धी स्क्रीन तुम्ही, अर्धी मी?

नूतन : आणि माऊस कुणाच्या हातात?

भूपेंद्र : ...हां. तेपण आहे.

नूतन : अहो, अर्ध्यात तुमचं फूल मावायचं नाही आणि माझा जीव रमायचा नाही. रोज कोपऱ्यातल्या चौकोनावरून महाभारत. मी माझा घेऊन येईन. हा माझ्या कमाईचा आहे, माझ्याबरोबर येणार.

भूपेंद्र : रुखवतात मांडणार? कुरडया, शेवया आणि मध्ये मॉनिटर?

नूतन : मांडीन! हळदकुंकू वाहून मांडीन. तुम्हाला हसायला काय जातंय?

भूपेंद्र : नाही, मला आवडलं. खरंच आवडलं. पण दोन कॉम्प्युटर म्हणजे... घरी विचारावं लागेल.

नूतन : घरी विचारावं लागेल.

भूपेंद्र : हो. असं उठून मी कसं सांगू? बापूंना विचारतो.

नूतन : विचारा. विचारून सांगा. सगळे विचारूनच सांगतात.

भूपेंद्र : तुम्ही एकदम अशा का झालात?

नूतन : कशी झाले? काही नाही झाले. जा तुम्ही, बाहेर वाट बघताहेत.

भूपेंद्र : बरं. येतो मी. पुष्पाबाईंना उत्तर द्या पण, ताटकळल्या असतील.

उषाबाई : काय व? तो उठीसन गया? चहा बी नही लिना त्यानी. काय बोलनी तू त्याले?

नूतन : काही नाही बोलले. जे खरं ते बोलले.

उषाबाई : तुले कितला डाव सांगं, पहिलाच दिन ले इतलं खरं नको बोलू. माले वाटनं, हाऊ तरी बसी. कितला हासी ऱ्हायनता तो. आते हाऊ बी गया.

नूतन : जाऊ दे. गेला तर गेला.

उषाबाई : तुना डोयाले काय व्हयनं मंग?

नूतन : स्क्रीनकडे बघून बघून पाणी येतं. आई, मला तो बरा वाटला गं. म्हणून राग येतोय. बाकीचे दोघे गेले तेव्हा मला काहीसुद्धा वाटलं नव्हतं. हा मूर्खासारखा फुलं मोठी करून बघतो, आणि मला ते आवडलं. घरी विचारतो म्हणाला. म्हणजे कळलं ना काय ते?

उषाबाई : पुस डोया. मी बाहेर दखी येस.

नूतन : काही बोलू नकोस त्यांच्याशी. हातापाया पडू नकोस, सांगून ठेवते. ...आणि तुम्ही काय पुष्पाबाई, एवढी प्रश्नचिन्हं कशाला? आहे, आहे, साडी आहे. पण ही घेऊ नका. दुसरी दाखवते... आई? इतक्यात आलीस? निघाले ना?

उषाबाई : कोन निंघतस! समदा बठेल शेत. तो पोऱ्या बाहेर गया, बापना, निंबाभाऊना जोडे बठना. निंबाभाऊनी इचारं, काय रे, पसंत शे का? तं हाऊ काय म्हने, तुले म्हाईत शे?

नूतन : काय?

उषाबाई : म्हने, बापू, आपला घरमा दुसरा प्लग कोठे बसाडता यी?

नूतन : ...प्लग?

उषाबाई : प्लग. समदा लोके एकमेकना तोंडकडे दखी ऱ्हायनात. मंग निंबाभाऊ डोकं खाजाडीसन म्हने, देवघरना शेजारे भिंत रिकामी शे. आते तो पोऱ्या तठे टेबल केवढं मावी ते हातवरी मोजी दखाडी ऱ्हायना. माले त काही समजनं नही माय. हाई पसंती शे का काय शे? अवं, हासस काय? रडी ऱ्हायनी का हासी ऱ्हायनी? त्या मनाकडे दखी ऱ्हायनात. मी जाईसन काय सांगू त्यासले?

नूतन : सांग, वायरमन आम्ही पाठवतो.