परतफेडीची अपेक्षा नाही

…नाही नाही, उठू नका दाजी, तुमचं चालू द्या, खिळे असू द्या तोंडात, बोलायचं मलाच आहे. ताई कामावर आहे, माहीत आहे मला, फोन लावला ना तिला — चारदा लावला — पण लाँड्रीत फोन कपाटात ठेवून घेतात त्यांचे, वाफेजवळ नको म्हणून, मग म्हटलं असू दे, काम तर दाजींकडेच आहे, सरळ दुकानात जाऊ. बसू इथे? ही दुरुस्तीला आलेली खुर्ची ना, हिची स्प्रिंग टोचत नाही ना? टोचते. चालेल, टोचू दे. पाच मिनिटांचं काम आहे दाजी, एक सही, बस. चारला बँक बंद होते आणि कागद आज पोचला नाही तर फाईल परत, आणि फाईल परत गेली की बिल्डर सोमवारी तो फ्लॅट दुसऱ्याला देणार, तसं तोंडावर सांगितलंय त्याने.

तुम्हाला वाटेल, आता आणखी कसला कागद? मलाही तेच वाटलं! घर घ्यायचं म्हणजे आधी कागदांचंच घर बांधावं लागतं हो. पगाराच्या पावत्या दिल्या, बँकेचा उतारा दिला, कर भरल्याचे पुरावे, ओळखपत्र, विजेचं बिल, बिल्डरचा करार, त्या जमिनीचा आधीचा मालक कोण, त्याच्या आधीचा कोण — सगळं दिलं. लग्नाचा दाखलासुद्धा मागितला. मी म्हटलं, साहेब, माझ्या बायकोचा आवाज ऐकवू का फोनवर, लग्न झालंय की नाही लगेच कळेल. हसला नाही माणूस. त्या खुर्चीत बसलं की हसू काढून घेतात वाटतं त्यांचं. खेटे घालून घालून माझ्या चपला झिजल्या, पण म्हटलं ठीक आहे, एकदाच करायचंय. आणि आता सगळं झालं तर घोडं अडलं कुठे, तर सुरुवातीच्या पैशांपाशी. म्हणजे कर्ज बँक देते, पण पहिला हिस्सा आपल्या खिशातून भरायचा असतो, आणि तो खिसा कसा भरला हेही त्यांना लागतं. साहेबाने उताऱ्यावर पेन्सिल ठेवली आणि विचारलं, ही एवढी रक्कम एकदम कुठून आली? मी म्हटलं, बहिणीने दिली. उसनी? — असं विचारलं त्याने. आणि मी जीभ चावली. कारण उसनी म्हटलं की तेही कर्जच धरतात, मग आपली ऐपत कमी होते, मग सगळंच बोंबललं. म्हटलं, छे हो, उसनी कशाची, भेट. बहीण आहे माझी.

भेट म्हटल्यावर आणखी एक कागद. हा बघा. नका बघू, डोळ्याला त्रास होईल, मी वाचतो — ‘नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी सदर रक्कम माझ्या भावास भेट दिली असून परतफेडीची अपेक्षा नाही, आत्ता नाही व भविष्यातही नाही.’ ताईने परवाच सही करून दिली. वाचलंही नाही तिने, ओट्यावरच केली, हा पिठाचा डाग तिचाच. पण आज साहेब म्हणतो, ठेव मोडून पैसे आलेत आणि ठेव दोघांच्या नावावर होती, मोडली एकट्या बहिणीच्या सहीने, मग पतीची हरकत नाही अशी सही कुठे आहे? म्हणून आलो. आता कागदावर लिहिलंय म्हणून मी काय देणार नाही का? देणार दाजी! दोन वर्षांत देणार. ताईला शब्द दिलाय मी. हा नुसता बँकेचा कागद आहे, तुमच्या-माझ्यात थोडीच चालतो हा. चालतो का? चालत नाही.

असं बघू नका ना. मला आधीच लाज वाटतेय. इथे यायला निघालो तर दोनदा कोपऱ्यावरून परत फिरलो. तुमच्याकडून इतकं घेतलं आणि साधं आभार मानायलाही आलो नाही, ते आज आलो ते सही मागायला. काय तोंडाने यायचं? पण एक सांगतो दाजी, मनापासून सांगतो — तुमच्यासारखं मन नाही कोणाचं. दुसरा असता तर म्हणाला असता, गेला मेहुणा खड्ड्यात, आधी माझा डोळा. ताईने मला सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते ना, पैसे भरा, येत्या आठवड्यात ऑपरेशन करून टाकू, आता थांबू नका — आणि तुम्ही म्हणालात, राहू दे, माझं काय, हाताला सवय आहे, आधी त्याचं घर होऊ दे. हे ऐकलं आणि खरं सांगतो, बायकोसमोर रडलो मी. सख्खा भाऊ असा वागला नसता.

काय झालं? खिळे का काढलेत तोंडातून? सावकाश, एक खाली पडला तो, थांबा, मी देतो — हा घ्या. काय म्हणता? अजून पिकला नाही? असं कोण… ताईने सांगितलं? मोतीबिंदू पिकायला वेळ आहे, मग करू, असं? नाही हो, पिकायचं वगैरे जुनं झालं, आता तसं काही… म्हणजे कदाचित — म्हणजे माझीच ऐकण्यात चूक झाली असेल. झालीच असेल. मी काय डॉक्टर आहे?

म्हणजे तुम्ही म्हणालाच नाहीत. ‘आधी त्याचं घर होऊ दे’ हे तुम्ही… नाही म्हणालात. आणि ठेव? ठेव आहे असंच वाटतंय तुम्हाला अजून. अरे देवा. दाजी, ताईवर रागावू नका. माझ्यावर रागवा, दोन ठेवून द्या मला, पण तिला काही बोलू नका. लहानपणापासून असंच आहे तिचं, माझं काही अडलं की तिला घास जात नाही. तिने मला तुमचं नाव पुढे करून सांगितलं, नाहीतर मी घेतलेच नसते पैसे. नसते घेतले! अगदी शपथेवर —

नको, शपथ नको. घेतले असते. तुमच्यापासून काय लपवायचं आता. मला तेव्हाच वाटलं होतं, दाजी एवढं लांबलचक बोलत नाहीत. वाक्यच तुमचं वाटलं नाही मला, ताईचंच वाटलं. एक फोन करायचा होता तुम्हाला, दाजी, खरंच का हो म्हणून. केला नाही. का नाही केला? विचारलं असतं तर कळलं असतं, म्हणून नाही केला. मेल्याहून मेल्यासारखं वाटतंय हे बोलताना, पण झालंय ते असं. आणि तुम्ही इथे बसून हाताने चाचपून खिळे ठोकताय, बोटाला पट्टी बांधलीये ती मघापासून बघतोय मी, आणि तरी कागद वाचून दाखवत बसलोय.

मी उद्या साहेबाला सांगतो, नको कर्ज. पैसे परत मागतो. पण ते बिल्डरकडे गेले दाजी, तो परत देत नाही, करारातच लिहिलंय तसं. म्हणजे घरही गेलं आणि… शिव्या द्या. साडेतीन वाजलेत आणि तरीही माझं लक्ष घड्याळाकडे जातंय, बघा, असा माणूस आहे मी.

काय शोधताय? पेन? पेन आहे माझ्याकडे, पण दाजी, नको. आत्ता नको, रागाच्या भरात… रागात नाही तुम्ही? बरं. हा घ्या. नाही, तिथे नाही, तिथे शिक्का यायचाय, जरा खाली — अजून खाली — ती रेघ दिसत नाही का तुम्हाला? हात द्या. हे माझं बोट लागतंय ना, त्याच्या शेजारी. हां. इथून लिहा.

झालं. बरी आली सही. छान आली.

चहा नको. नको, खरंच. ताई येईल तेव्हा — नाही, मी काही सांगत नाही तुम्हाला, तुम्हाला वाटेल ते बोला तिच्याशी. निघतो मी. अहो, तुम्ही कुठे उठता? दारापर्यंत कशाला? आज नका येऊ सोडायला. बसा दाजी. बसा ना तुम्ही.