नदीत उतरणारी गाडी

नाई नाई, बसा. उठू नका. चहा टाकला हाय सुनेनं. मोठी गाडी घेऊन गेला म्हून काय झालं, पंजाब माझा पोरगा हाय, तुमच्या शोरूमची गाडी घेऊन पळणार थोडाच— येईल. मले तुमी हे सांगा कामरानभाऊ, अकोल्याहून दोन गाड्या आणल्या तुमी ट्रायलले, तर माझ्या पसंतीले काही भाव हाय का नाई? पैसा पंजाबचा, घर माझं. त्या मोठीत चढायले मले पोराचा खांदा धरा लागला. माझ्याच अंगणात! लोकं पाहून राह्यले होते. आन् ही छोटी— दार उघडलं, बूड टेकलं, झालं. मी ठरवलं. छोटीच घ्यायची.

समजलं, समजलं. तीनदा सांगितलं तुमी. मोठी टरकासारखी, खाली चेसीचा लोखंडी सांगाडा, त्याच्यावर डबा बसवला. छोटी कारसारखी, सगळी एकसंध पत्र्याची. मी चौथी नापास हाय, बहिरा नाई. आता एक विचारतो, विकायले आले म्हून खोटं नका सांगू— ही छोटी रेतीत चालंल का? नदीच्या रेतीत? ... नाई ना चालत? चाकं बुडतील, पोट टेकंल, बसंल तिथंच? बस्स. म्हूनच पाह्यजे मले. हसता काऊन? सारं जग चालणारी गाडी मागते, हा बुढा फसणारी मागते, असंच ना? हसा. धंदा हाय पंजाबचा रेतीचा. टिप्पर नदीत उतरतात, हा त्याईच्या पुढं जीप घेऊन. वाटेत कोणी उभं असंल तर बाजूले करायले. बाजूले म्हणजे— बोलून. समजावून. छोटी गाडी असली तर तो काठावरच राहील, खाली जाणार नाई, एवढंच म्हणणं हाय माझं.

तिकडं काय पाहता? काही नाई तिकडं. ताडपत्रीखाली जुनी जीप हाय. बदल्यात घेता? नाई. द्यायची नाई ते. दाखवायचीबी नाई. बसा म्हणतो ना! गाठ मी मारली हाय, तुमाले सुटणार नाई. पुढचा पत्रा दबला थोडा. रोही आडवा आला होता. इकडं लई रोही हायेत, तुमी नीलगाय म्हणता ते, हरभऱ्यात कळपानं घुसतात. रोहीच होता. पंजाब म्हणे रोही, म्हणजे रोही.

माणूस? माणसाचं कोणी सांगितलं तुमाले? वरवटच्या टपरीवर ऐकलं असंल. वामन, तलाठ्याच्या हाताखालचा कोतवाल, हाव, गेला तो. टॉर्च घेऊन उभा राहे नदीच्या उतारावर, टिप्पर अडवायले. चांगला माणूस होता, माझ्यासंगं तंबाखू खाये. पोळ्याच्या आधी तिथंच सापडला, सायकल एकीकडं, तो एकीकडं. बाहेरगावचा टिप्पर असंल म्हणे लोकं. ... जीप? हो, जीप त्याच आठवड्यात झाकली. तुमी गाड्या विका भाऊ, लई खोदू नका.

तर काय म्हणत होतो मी— हं, वामन गेला, तेव्हापासून तलाठी मॅडम एकटीच जाते. धम्मशीला नाव हाय. नवीच लागली, लेकरासारखी दिसते, पण जीभ मोठी. आज सकाळी दारात स्कूटी लावली, उतरलीबी नाई. "आबा," म्हणे, "संध्याकाळी नदीत पंचनामा करते, तुमच्या पोराचे टिप्पर दिसले तर सोडणार नाई." माझ्या दारात, माझ्या तोंडावर! मी म्हटलं, कर. मले आवडली ते. पंजाब तिथंच दात घासत होता. हू की चू केलं नाई. तो बोंबलला तर काही नसते हो. तो गप राहिला म्हणजे—

चहा थंडा होऊन राह्यला तुमचा.

एक सांगा. ट्रायल घेतात तवा तुमचा माणूस संगं बसते ना? मंग तुमाले काऊन नाई बसू दिलं? काय म्हणे तुमाले? "तुमी बाबासंगं बोला." माझ्यासंगं! दोन पोळे झाले, पंजाबनं मले पाणी विचारलं नाई. आज पाहुण्याले माझ्यापाशी बसवून गेला. आन् गेला कुकडं? चांगली डांबरी सडक इकडं, अन् तो पांदणीनं नदीकडं. गाडी कोणाची? तुमची. नंबर कोणाचा? तुमचा. त्याची जीप तर ताडपत्रीखाली, सारं गाव पाहते— थांबा. स्कूटी हाय ते. ओ मॅडम! मॅडम हो! तिकडं नका— नाई ऐकलं. हेल्मेटात काय ऐकू येते.

फोन लावा पंजाबले. उचलत नाई ना? नाई उचलणार. तिचा नंबर नाई मापाशी. छोटीची चावी तुमच्यापाशी हाय ना? चालू करा. अहो, पाहता काय माझ्या तोंडाकडं, चालू करा! घ्या पांदणीनं. बाभळी घासतील, घासू द्या, रंग मी देईन लावून. हॉर्न वाजवा. अजून. पाह्यलं तिनं. काढा, तिच्या पुढं काढा— आता इथं लावा. सरळ नाई, आडवी. या बाभळीपासून त्या बाभळीपर्यंत, माणूस निघाला नाई पाह्यजे बाजूनं. हं. करा बंद.

मॅडम, वापस फिरव गाडी. काऊन ते विचारू नको. तुझा पंचनामा मी लिहून देईन, अंगठा नाई, सही करतो मी. वामनचाबी लिहून देईन. या साहेबाले मागं बसव आन् थेट वरवटले पोलीस ठाण्यात जा, घरी जाऊ नको.

खालून उजेड येऊन राह्यला पहा. चढला तो काठावर. मस्त चढते हो तुमची मोठी, आवाजबी नाई.

उतरा कामरानभाऊ. मी नाई उतरत. मी उतरलो तर हा नुसता पत्रा हाय, पत्र्याले तो थांबणार नाई. बाप बसला हाय म्हून थांबंल का? ते मले पाहू द्या. तुमचं काम झालं. उतरा म्हटलं ना— जा.