टमाट्याचा दिवा

हसू नका, चहा प्या आणि ऐका. मुरुमच्या बाजारात चाळीस वर्षं भाजी विकतेय मी. टमाटं सडलं की उकिरड्यावर, हा माझा कायदा. कॉलेजात शिकणाऱ्या नातीनं परसात वाट्या-वाट्यांत सडकी टमाटी मांडून ठेवली होती, तीही मी उचलून फेकून दिली.

पोरगी रडायलाच लागली. "आजी, त्यातून वीज काढायची होती! उद्या प्रदर्शन हाय."

"सडक्यातून वीज? मला येडी समजतीस व्हय?" म्हणाले खरं, पण तिचं रडं बघवेना. उठले आणि बाजारात सडकी टमाटी मागत फिरले. शेजारची भाजीवाली कस्तुरा म्हणाली, "काय ओ मावशी, आज उलटा धंदा?"

दिवेलागणीला नातीनं टमाट्या-टमाट्यांत तांब्याची पट्टी आणि जस्ताचा खिळा खोचला, तारा जोडल्या. आणि इवलासा दिवा लागला की गं माय! ना तेल, ना वात, ना खांबावरची लाईट. माझे हात आपोआप जुळले.

नात म्हणाली, "दिव्याला हात जोडले व्हय, आजी?"

"न्हाय गं, टमाट्याला. चाळीस वर्षं उकिरड्यावर फेकलं, माफी नको मागायला?"